बागेत काय शोभेल: गंडभेरुंड की बसलेला बैल?

आळशी माळीण

घरामागे छोटी बाग आहे. झाडांनी आता जीव धरलाय, वेल मांडवावर चढलेत, आणि मला तिथे एखादं शिल्प हवंय. जागा दोन आहेत. पायवाट जिथे वळते तिथे एक, मागे कुंपणाची दाट हिरवी झाडी. दुसरी कमळाच्या हौदाच्या काठावर. दोन्हीकडे एकेक ठेवायचं की एकावरच भागवायचं, तेही ठरलेलं नाही.

बाजारात जे मिळतं ते बघून जीव मेटाकुटीला आलाय. पंखवाल्या पऱ्या, फाटकावरच्या सिंहांची जोडी, घडा ओतणारी बाई, शेपटीवर उभा डॉल्फिन, लाल टोपीवाले बुटके, बुद्धाचं नुसतं डोकं आणि हरणांचं अख्खं कुटुंब. घरात सगळ्यांना हरणं आवडलीत. मला पुराणातलं काहीतरी विचित्र हवंय. गंडभेरुंड, शरभ, मकर, नवगुंजर, असल्या पंगतीतलं. देव नको, त्याला बागेत उन्हापावसात ठेवणं मला जमणार नाही. घरचे म्हणतात की दोन डोक्यांचा पक्षी संध्याकाळी अंगावर येईल, हरीण नको तर निदान शांत बसलेला बैल तरी आण.

तर विषय पुराणातला असावा की साधा प्राणी? दगड घ्यावा, ओतीव घ्यावं की फायबर चालतं? आणि ठेवायचं कसं? जाणकारांनी लिहावं. ज्यांनी इकडच्या तिकडच्या बागा पाहिल्यात त्यांनी तिथलंही सांगावं.

बेरकी बगळा

दोन डोकी म्हणजे कावळे दुप्पट बसणार, एवढंच माझं ज्ञान. बाकी वाचतोय.

टाकीचे घाव

माळीणबाई, आधी जागा बघा, मग शिल्प.

वळणावर मागे दाट झाडी आहे म्हणता. तिथे काळा पाषाण ठेवलात तर भर दुपारीही तो झाडीत हरवून जाईल. काळ्या दगडावरचं कोरीवकाम तिरप्या उन्हातच उठतं. सकाळी ऊन बाजूने येत असेल तर नखं, पिसं, पापण्या सगळं दिसतं, आणि तेच ऊन माथ्यावर आलं की सपाट ठोकळा. पांढऱ्या संगमरवराचं उलटं. रणरणत्या उन्हात तो इतका चकाकतो की बारीक काम डोळ्यांना सापडतच नाही, त्याला सावलीच मानवते. हिरव्या पार्श्वभूमीवर सगळ्यात कमी कटकटीचे रंग म्हणजे पिवळसर वालुकाश्म आणि भाजलेली माती.

मापाचं म्हणाल तर उघड्यावर सगळंच लहान दिसतं. घरात दांडगा वाटणारा बैल बाहेर नेला की त्याचं वासरू होतं. म्हणून बाहेरच्या कामाला बरेच शिल्पकार मूळ मापाच्या सव्वापट तरी धरतात. विकत घ्यायच्या आधी बांबूच्या कामट्यांवर गोणपाट टाकून तेवढ्या उंचीचा आकार तिथे उभा करा आणि काही दिवस राहू द्या. खिडकीतून बघा, फाटकातून आत येताना बघा, खाली बसून बघा. ही युक्ती फुकट आहे आणि कुणी करत नाही.

राहिलं पुराण की प्राणी. माझ्या मते प्रश्न वेगळा आहे. ते शिल्प तिथे काय करतंय? पाणी ओततंय, वाट अडवतंय, दडून बसलंय, समोरच्या कशाकडे तरी बघतंय? काहीच करत नसेल तर गंडभेरुंड आणि डॉल्फिन यांत मला काही फरक वाटत नाही.

भटकी मांजर

घाव यांच्या शेवटच्या परिच्छेदाला अनुमोदन, आणि वर दोन उदाहरणं.

पहिलं इटलीतल्या तिवोलीचं, व्हिला द'एस्तेची बाग. १६व्या शतकातली. तिथे एक घुबडाचं कारंजं आहे. धातूचे पक्षी पाण्याच्या जोरावर गातात. आत बंद जागेत पाणी शिरलं की कोंडलेली हवा शिट्ट्यांतून बाहेर पडते, तोच आवाज. मग पाण्याच्याच जोरावर एक घुबड वळून पुढे येतं आणि पक्षी एकदम चिडीचूप. घुबड पाठमोरं झालं की पुन्हा किलबिल. ही कल्पनाही त्या बागवाल्यांची नाही. अलेक्झांड्रियाच्या हेरॉन या ग्रीक यंत्रकाराने पहिल्या शतकातच असलं यंत्र लिहून ठेवलं होतं. म्हणजे प्राणी साधेच, चिमण्या आणि घुबड, पण त्यांच्यात एक नाट्य आहे.

दुसरं बोमार्झो. हेही इटलीतच, रोमच्या उत्तरेला. विचिनो ओर्सिनी नावाच्या सरदाराने १६व्या शतकाच्या मध्यात तिथे राक्षसांचं रान उभं केलं. रानात जे कातळ जिथे वर आले होते ते तिथल्या तिथेच कोरून काढले, त्यामुळे बऱ्याच शिल्पांना चौथराच नाही. झाडीतून चालता चालता एकदम समोर हत्ती. पाठीवर अंबारीसारखा बुरूज, आणि सोंडेत एक सैनिक, मान टाकलेला. पुढे एक भलं मोठं कासव, पाठीवर बाईची मूर्ती. एक अजगरासारखा पंखवाला प्राणी, त्याच्यावर तुटून पडलेली जनावरं. आणि सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे आ वासलेला राक्षसाचा चेहरा. पायऱ्या चढून तोंडात शिरायचं. आत दगडी टेबल आहे, कडेने बसायला जागा. ओठावर 'सगळे विचार उडून जातात' अशा अर्थाची अक्षरं कोरलीत. गंमत अशी की आत हळू बोललेलंही बाहेर ऐकू येतं. तोंडाच्या त्या पोकळीचाच कर्णा होतो.

माळीण, तू गंडभेरुंड आणलास तर असा आण, की वळेपर्यंत दिसणारच नाही.

ससाणा

विरोधी मत नोंदवतो. शिल्प नकोच.

जपानी बागांत तळ्यात दोन बेटं करतात, एक करकोच्याचं आणि एक कासवाचं. करकोचा हजार वर्षं जगतो आणि कासव दहा हजार अशी तिकडची समजूत, म्हणून दोन्ही दीर्घायुष्याची खूण. पण कोरलेलं काहीच नसतं. बेटाच्या एका टोकाला जरा वर मान काढलेला धोंडा, ते कासवाचं डोकं. बाजूंना चार बसके दगड, ते पाय. मागे एक छोटा, ती शेपटी. पाठीवर एखादं पाइनचं झाड. सांगितल्याशिवाय अनेकांना कळतही नाही, आणि कळलं की मग दुसरं काही दिसत नाही. फायबरचं हरीण पहिल्या दिवशीच सगळं सांगून मोकळं होतं, पुढची दहा वर्षं त्याच्याकडे बोलायला काही उरत नाही.

हौदाच्या काठावर चार चांगले धोंडे मांडा. पैसे वाचतील आणि धूळ पुसायला नको.

मोरपीस

ससाणा, जपानचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. तिकडच्या देवळांबाहेर ते कोमाइनू बसतात, सिंह-कुत्र्यासारखे. जोडीतल्या एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं. पहिला 'अ' म्हणतोय आणि दुसरा 'उन्', आपल्या ओंकाराचंच तिथवर पोचलेलं रूप. शिगाराकी गावचे मातीचे तानुकी (रॅकूनसारखा दिसणारा तिकडचा रानकुत्रा) तर ढेरी सुटलेले, टोपी घातलेले, दारोदार ठेवलेले असतात. जपान म्हणजे नुसतं संयम आणि रेती नव्हे.

आता माळीण, तुझ्या यादीकडे वळते.

मकर हौदासाठीच जन्मलाय. सोंड हत्तीची, जबडा मगरीचा, मागे माशाची शेपटी, कधी तर मोराच्या पिसाऱ्यासारखी नक्षीदार. गंगेचं आणि वरुणाचं वाहन. देवळांच्या जोत्यावर अभिषेकाचं पाणी बाहेर टाकायला मकरमुख लावतात, ते शेकडो वर्षं तेच काम करतंय. घावदादांच्या कसोटीला हा पहिल्या फटक्यात उतरतो.

गंडभेरुंड म्हणजे चढाओढीच्या गोष्टीतला शेवटचा भिडू. नरसिंहाचा राग शमेना म्हणून शिवाने शरभाचं रूप घेतलं, सिंह आणि पक्ष्याचं मिश्रण. वैष्णवांना ते कसं सोसावं? मग विष्णूने गंडभेरुंड होऊन शरभाला आवरलं. प्रत्येक पंथाने आपला प्राणी वरचढ ठरवलाय. तुझ्या दोन जागांवर हे दोघं समोरासमोर ठेवलेस तर बागेत कायमचं भांडण. चोचीत नि पंजात हत्ती धरलेला गंडभेरुंड कोरीव कामात झकास दिसतो, पण ते मुळात भिंतीवरचं, सपाट उठावाचं चित्र आहे. मोकळ्यावर चारी बाजूंनी बघायला तो पाठीमागून अगदीच पोकळ वाटतो.

नवगुंजर ओडिया महाभारतातला, सारळा दासांच्या. कृष्ण अर्जुनापुढे नऊ प्राण्यांचं मिश्रण होऊन येतो. कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर, सापाची शेपटी, पाय हत्तीचा, वाघाचा आणि घोड्याचा, आणि चौथ्या पायाच्या जागी माणसाचा हात, त्यात फूल. अर्जुन बाण लावतो आणि तो हात बघून थांबतो. दगडात हे उभं करणारा कारागीर मिळाला तर मला जरूर कळव.

आणि तू कीर्तिमुख विसरलीस. शिवाच्या तिसऱ्या डोळ्यातून निघालेला भुकेला जीव. राहूला खायला धावला, राहू शरण गेला, मग आता खाऊ काय म्हणून विचारतो. शिव म्हणाला, स्वतःलाच खा. त्याने शेपटीपासून सुरुवात करून नुसतं तोंड उरेपर्यंत खाल्लं. शिव खूश, म्हणाला आता तू माझ्या दारावर राहा. बागेला भिंत असेल तर हा सगळ्यात शहाणा पर्याय, कारण चेहराच आहे, पाठीचा प्रश्नच नाही.

बेरकी बगळा

स्वतःला खाऊन टाकणारा हा जीव आमच्या ऑफिसात सापडेल.

माझ्या जातभाईंविषयी मात्र गंभीर सूचना. हौदातले मासे वाचवायला काठावर प्लास्टिकचा बगळा उभा करतात. समज अशी की खरा बगळा बघेल, जागा भरलीय समजून निघून जाईल. काही वेळा होतं उलटंच. बगळे एकमेकांना बघून उतरतात, चरायची जागा बरी आहे असा त्यातून अर्थ काढतात. प्लास्टिकच्या घुबडाचंही तेच. जागा बदलत राहिलं नाही तर पाखरं त्याला ओळखतात आणि डोक्यावर बसतात. तिवोलीचं घुबड चालतं कारण ते वळतं.

जुनं पान

राखणदार पुतळ्यांची चाल फार जुनी. रोमन लोक बागेत प्रियापुस नावाच्या देवाचा लाकडी पुतळा ठेवत. पाखरं आणि चोर दोघांना भिववायला. त्याचं रूप भलतंच उघडंवाघडं असे, इथे वर्णन करत नाही, ज्यांना माहीत आहे ते हसले असतीलच.

रोमन बागा म्हणजे माळीणबाईंच्या प्रश्नाचं उत्तरच आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडली गेलेली पोम्पेई आणि हर्क्युलेनियम उकरली तेव्हा घरांच्या आतल्या बागा शिल्पांसकट मिळाल्या. पोम्पेईच्या एका घरात पाण्याच्या कुंडाभोवती रानडुकरावर झेपावलेले दोन कुत्रे, सिंह, हरीण, साप, सगळे ब्राँझचे. हर्क्युलेनियममध्ये तर एका घराचं नावच हरणांचं घर पडलंय. संगमरवरी हरीण, अंगावर चढलेले शिकारी कुत्रे, कुणी कान धरलाय, कुणी पाठीला लागलंय. त्याच बागेत नशेत झिंगलेला हर्क्युलिस, लघवी करताना. देव, वीर आणि जनावरं त्यांनी एकाच अंगणात मिसळून ठेवली होती, आणि हरीण म्हणजे गोंडस असं त्यांच्या मनातही नव्हतं.

पुराण आणि प्राणी एकाच शिल्पात बघायचे तर फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्याच्या बागेतलं लाटोनाचं कारंजं. लाटोना ही रोमन पुराणातली देवी. देवांचा राजा जुपिटर याच्यापासून झालेली जुळी मुलं, अपोलो आणि डायना, घेऊन लाटोना तहानलेली तळ्यावर येते. लिकियाचे शेतकरी तिला पिऊ देत नाहीत, उलट तळ्यात नाचून गाळ ढवळतात. शाप मिळतो, बेडूक व्हा. कारंज्यात तोच क्षण पकडलाय. कुणी पूर्ण बेडूक, कुणाचं धड माणसाचं आणि तोंड बेडकाचं, एकाच्या हाताची बोटं जुळायला लागलीत. सगळ्यांच्या तोंडून पाण्याच्या पिचकाऱ्या, आणि मधे ती आई मुलांना जवळ घेऊन. मार्सी बंधूंनी १६६८ ते १६७० मध्ये केलं. तेव्हा लाटोना राजवाड्याकडे तोंड करून होती, पुढे वास्तुकार आर्दुएँ-माँसारने चार थरांचा चौथरा रचला आणि तिला कालव्याकडे वळवलं. एवढ्या मोठ्या बागेतही ती कुठे बघते हा प्रश्न कुणालातरी पडलाच.

त्याच बागेत इसापनीतीचा एक चक्रव्यूह होता, ३९ कारंजी, प्रत्येकाची एक गोष्ट, रंगवलेले शिशाचे प्राणी. एक प्राणी दुसऱ्याशी बोलतोय हे पाण्याच्या धारेने दाखवायचं. डागडुजी परवडेना म्हणून १७७८ मध्ये सगळं काढून टाकलं. शंभर वर्षं जेमतेम.

आळशी माळीण

बापरे, मी बैल विचारला आणि तुम्ही लाटोना दिलीत. वाचून डोकं भरून आलंय, पण मकर आता पक्का मनात बसलाय. मोरपीस, गंडभेरुंडाच्या पाठीचं लक्षातच आलं नव्हतं, बरं झालं लिहिलंस. भिंत नाहीये, नाहीतर कीर्तिमुख नक्की.

कोरी पाटी

बुद्धाच्या डोक्याचा उल्लेख आलाय म्हणून विचारते. त्यात वाईट काय? शांत वाटतं की.

जुनं पान

शांत वाटतं हे खरं. पण नुसतं डोकं ही मूर्तीची मूळ रीत नव्हे. आशियातल्या जुन्या मूर्तींची डोकी तोडून विकली गेली, संग्रहालयांत आणि दिवाणखान्यांत पोचली, आणि पुढे त्याच तोडलेल्या आकाराच्या नकला शोभेच्या झाल्या. अनेक बौद्ध उपासकांना ते खटकतं. थायलंडमध्ये तर बुद्ध ही सजावटीची वस्तू नव्हे असे फलकही लागलेले असतात. तुम्हाला मूर्ती भावत असेल तर पूर्ण घ्या, आणि जमिनीवर पायाशी ठेवू नका.

कोरी पाटी

हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

ससाणा

म्हणजे शेवटी धोंडेच बरे.

मोरपीस

ससाणा :))

जीवाश्म

पुराणातले प्राणी म्हणताय तर माझे घ्या, त्यांच्याहून जुने. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस बागेत १८५४ साली बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्सने डायनासोर आणि इतर नामशेष प्राण्यांचे पूर्णाकृती पुतळे उभे केले. लोखंडी सांगाडा, विटा आणि सिमेंट. जगात असं पहिल्यांदाच झालं. तेव्हा सापडलेली हाडं अर्धवट, त्यामुळे इग्वानोडॉनच्या नाकावर त्याने शिंग बसवलं. पुढे १८७८ मध्ये बेल्जियमच्या बेर्निसार गावी खाणीत पूर्ण सांगाडे मिळाले आणि कळलं की तो नाकावरचा सुळका नसून अंगठा आहे. पुतळे तसेच ठेवलेत, नाकावर अंगठा घेऊन. त्या काळच्या माणसाने जे कल्पिलं ते म्हणजे एक प्रकारचं पुराणच. २०२० मध्ये मेगॅलोसॉरसचा जबडा गळून पडला, मग त्याला तात्पुरता कृत्रिम जबडा बसवला.

ते बेटावर ठेवलेत, तळ्यापलीकडून दिसतात. जवळ जाऊन हात लावता येत नाही, म्हणून अजून भीती वाटते. वळणावरच्या शिल्पाचा विचार करताना हे अंतराचं लक्षात घ्या.

ओतारी

विषय निवडायला सगळे, पण उन्हापावसात काय टिकतं ते कुणी बोलेना. म्हणून आलो.

सिमेंटपासून सुरू करतो, कारण बागेत सगळ्यात जास्त तेच. दोष सिमेंटचा नसतो, आतल्या सळईचा असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत मुरतो, सिमेंटचा क्षार कमी होतो, आणि ज्या क्षारामुळे सळई गंजत नव्हती ते कवच जातं. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, आतून रेटतो, आणि शिंग, कान, बोटं, शेपटी असले बारीक भाग आधी फुटतात, कारण तिथे सळईवरचा थर पातळ असतो. म्हणून सिमेंटचा प्राणी घ्यायचा तर अंग मिटलेला घ्या. बसलेला बैल, गुंडाळलेला साप, कासव. पाय पसरून उभं, शिंगं ताणलेलं काळवीट सिमेंटमध्ये घेऊ नये. कारागिराला सळई कुठली ते विचारा. बारीक भागांत स्टेनलेस स्टील किंवा काचतंतूची जाळी घालणारे असतात.

याच सिमेंटमध्ये प्रचंड काम करणारेही झालेत. लाओसमध्ये व्हिएन्तियानजवळ बुनलुआ सुलिलात नावाच्या साधूबाबाने १९५८ पासून हिंदू आणि बौद्ध मूर्तींचं रान उभं केलं. १९७५ मध्ये सत्ता पालटली तेव्हा मेकाँग ओलांडून थायलंडात गेला आणि नोंग खाइला पुन्हा पहिल्यापासून सुरू, यावेळी आणखी मोठं. तिथे एक हत्ती आहे, भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या घोळक्यातून शांतपणे चाललेला. आपली म्हण डोळ्यांपुढे उभी राहते.

फायबर हलकं, साच्यातून हवं तसं निघतं, म्हणून दुकानभर तेच. ऊन वरचा थर खातं, रंग खडूसारखा हाताला लागायला लागतो. वजन नसल्याने वाऱ्यात आडवं होतं, म्हणून पोटात वाळू भरावी किंवा पायाला बोल्ट मारावेत. सावलीत चालून जातं.

संगमरवर म्हणजे चुना. आम्ल लागलं की झिजतो. लिंबू, व्हिनेगर, संडास धुवायचं आम्ल यांपैकी काहीही लावू नका. पक्ष्यांची विष्ठाही बाधते, ती वाळायच्या आत साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने काढावी. उघड्यावरचा जुना संगमरवर हाताला साखरेसारखा रवाळ लागतो, ते त्याचं लक्षण. पॅरिसचे मार्लीचे घोडे, कुस्तूने केलेले, प्रदूषणापायी १९८४ मध्ये लुव्र संग्रहालयात हलवले आणि चौकात नकला उभ्या केल्या. व्हर्सायमध्ये हिवाळ्यात संगमरवरी पुतळ्यांवर आवरणं चढवतात, कारण भेगेत शिरलेलं पाणी गोठून फुगतं.

ब्राँझ सगळ्यात दणकट, आणि खिशालाही तितकंच जड. आतून पोकळच असतं, भिंत काही मिलिमीटरची. वर्षातून एकदा सौम्य साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून मेण लावलं की हिरवट काळपट रंग सुंदर मुरतो. पण लॉनवरच्या फवाऱ्याची धार त्यावर पडू देऊ नका. जड पाण्याचे पांढरे ओघळ येतात आणि पाण्यात मीठ असेल तर धातूला रोग लागतो.

काळा पाषाण, अर्थात बेसॉल्ट, काहीही न करता राहतो. घडवायला अवघड, एवढाच त्याचा दोष.

भटकी मांजर

ओतारी, शेवाळाचं काय? मला तर शेवाळ चढलेलंच आवडतं. प्रेशरवाल्या पाण्याने लख्ख केलेला पुतळा बघवत नाही.

ओतारी

शेवाळ ओल धरून ठेवतं, दगडफूल मात्र आम्ल सोडतं आणि पृष्ठभागात घुसतं. बेसॉल्टवर दोन्ही असू द्यात, काही बिघडत नाही. संगमरवर आणि मऊ वालुकाश्मावर नको. प्रेशरचं पाणी कुठल्याच दगडावर मारू नये, कडा जातात. आणि ओरबाडून दगडफूल काढलं तर त्याच्याबरोबर दगडाचा पापुद्राही येतो.

टाकीचे घाव

आणि पाया. त्यावरच निम्मे पुतळे कलतात. मातीवर थेट ठेवायचं नाही. खोदून खडी भरायची, ठोकून घट्ट करायची, वर काँक्रीटचा थर, थराला किंचित उतार. पुतळा आणि जोत्याच्या मधे ओल न चढणारा पातळ थर हवा, नाहीतर जमिनीतलं पाणी क्षार घेऊन वर चढतं आणि पायाजवळ पांढरी फुली येऊन दगड सुटायला लागतो. उंच पुतळा असेल तर पोटात स्टेनलेसची खुंटी. जोत्याच्या कडेखाली बारीक खाच ठेवली की पावसाचं पाणी तिथेच तुटतं, अंगावरून ओघळत नाही.

जुनं पान

पाण्याचा विषय निघालाच आहे तर चीनमधली युआनमिंगयुआन ही बादशाही बाग सांगायलाच हवी. छ्येनलोंग बादशहासाठी जेझुइट पाद्र्यांनी १८व्या शतकात तिथे एक कारंजं केलं. १२ चिनी राशींचे १२ प्राणी, अंग माणसाचं दगडी, डोकं जनावराचं ब्राँझचं. दिवसाच्या दर दोन तासांना एकेक प्राणी तोंडातून पाणी सोडायचा, आणि ऐन दुपारी सगळे एकदम. म्हणजे बाग हेच घड्याळ. १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी बाग लुटली आणि जाळली, डोकी पांगली. त्यांतली सात आजवर चीनला परत मिळालीत.

ग्रॅनडाच्या आल्हाम्ब्रातले १२ सिंहही पाणीच ओततात. १४व्या शतकातले, संगमरवरी. लांबून सगळे सारखे, जवळ गेलं की प्रत्येकाची आयाळ नि चेहरा थोडा वेगळा.

आळशी माळीण

ठरवलं. हौदावर मकर, काळ्या पाषाणात, पाणी ओतणारा. वळणावर बैल, पण चौथऱ्याशिवाय, उंच गवतात अर्धा बुडालेला, तोंड हौदाकडे. घरचे खूश, मीही खूश. हरणं रद्द. ससाणा, दोन-तीन धोंडेही मांडेन तुमच्या नावाने.

एकच शंका. मकराच्या तोंडातून पाणी किती उंचावरून पडावं? सगळीकडे शिंतोडे उडायला नकोत.

ससाणा

धोंडे मांडताना प्रत्येकाचा तिसरा हिस्सा जमिनीत गाडा. नुसते ठेवलेले दिसले तर ट्रकमधून पडल्यासारखे वाटतात.

ओतारी

धार जेवढ्या उंचीवरून पडते, निदान तेवढं अंतर ती पडते तिथून हौदाच्या प्रत्येक काठापर्यंत ठेवा. हौद लहान असेल तर तोंड पाण्याच्या जवळ आणा. फुटाहून कमी उंचीवरून पडलं तरी आवाज छान येतो. वारा फार असेल तर धार जाड ठेवा, बारीक धार वाऱ्याने फाटते. कमळांवर थेट धार पडू देऊ नका, त्यांना ढवळलेलं पाणी मानवत नाही, म्हणून मकर एका कोपऱ्यात आणि कमळं दुसऱ्या. पंप हौदाच्या तळाला टेकवू नका, विटेवर ठेवा, नाहीतर गाळ ओढतो. मकराच्या आतली नळी काढता-घालता येईल अशी करून घ्या, हे कारागिराला कोरायला बसायच्या आधीच सांगा. नंतर भोक मोठं करायला गेलं की जबडा तडकतो.

गच्चीवरची गोगलगाय

उशिरा आले धाग्यावर. माझी बाग गच्चीवर आहे. काळ्या पाषाणातलं मकरमुख तिथे चालेल का?

टाकीचे घाव

आकार सांगा आधी. एक घनमीटर बेसॉल्ट तीन टनांच्या जवळपास भरतो, आणि मकर दिसतो त्यापेक्षा भरीव असतो. नुसतं मुख, भिंतीत बसवलेलं, वीतभर खोलीचं असेल तर जमू शकेल. त्याखाली पाण्याचं कुंड येणार, त्याचं वजन वेगळं, एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. खांब आणि तुळया कुठे आहेत ते बघून, इमारतीच्या इंजिनिअरला विचारूनच हात घाला. त्याने नको म्हटलं तर भाजलेल्या मातीत करून घ्या, मोरपीस यांनी सांगितलेलं कीर्तिमुख मातीत फार सुरेख येतं.